इंजिनाच्या आधी टाकी

आमच्या शिडाच्या नौकेचे डिझेल इंजिन अधूनमधून बंद पडते, ही तक्रार आम्ही भेटेल त्याला सांगत असू आणि भेटेल तो आपल्या अनुभवातला एक उपाय सुचवत असे. कोणी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल बदलायला सांगे, कोणी पंप उतरवून कॅलिब्रेट करून घ्या म्हणे, कोणी इंजिनाचे वय विचारून नुसतीच मान हलवी. यांतला कोणताही उपाय मुळात चुकीचा नव्हता. पण ‘अधूनमधून’ एवढ्याच माहितीवर तो लागू पडला असता, तर केवळ योगायोगाने. माझे काम यंत्रांच्या चाचण्यांचे आहे. बिघाड कधी झाला, किती भारावर झाला आणि त्याआधी काय घडले, हे लिहून आणल्याशिवाय आमच्याकडे कोणी यंत्राचे झाकण काढत नाही. तोच नियम नौकेला लावायचा, असे मी दादाला सांगितले आणि त्याने कुरकुरत का होईना, ते मान्य केले.

नौका तिघांच्या मालकीची आहे: माझी, दादाची आणि त्याच्या एका मित्राची. तिघेही पुण्यात राहतो. शीड हाताळायला पुण्याजवळच्या धरणांच्या पाण्यावरही शिकता येते, परंतु तीस फुटी, तळाला जड कणा असलेली नौका ठेवायची तर समुद्रच हवा, म्हणून ती हंगामात रेवदंड्याच्या खाडीत नांगरलेली असते आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर चढवून ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली असते. ताम्हिणी घाट उतरून विळे, कोलाड, रोहा असे करत तिथे पोहोचायला चार-साडेचार तास लागतात. एखादा पाना घरी राहिला तर तो आणायला परत जाता येत नाही, आणि याच अंतरामुळे आमची तपासणीची पद्धत अधिक शिस्तीची झाली असावी. नौका १९८०च्या दशकातली, फायबर ग्लासची. जिन्याच्या पायऱ्या काढल्या की मागे दोन सिलिंडरचे, सुमारे अठरा अश्वशक्तीचे इंजिन दिसते, आणि त्याच्याही मागे, हात जेमतेम पोहोचेल अशा जागी, ॲल्युमिनियमची टाकी.

शिडाच्या नौकेला इंजिनाचे एवढे काय, असे पुष्कळ जण विचारतात. भर समुद्रात खरोखरच फारसे काही नाही. अडचण खाडीच्या तोंडाशी येते. सकाळचा मतलई वारा पडलेला असतो, खारा वारा अजून सुटलेला नसतो, ओहोटीचे पाणी जोराने बाहेर पडत असते आणि एका अंगाला वाळूचा उथळ पट्टा असतो. अशा वेळी शीड नुसते लोंबत राहते आणि नौका पाणी नेईल तिकडे जाते. इंजिन नेमके तिथेच लागते आणि आमचे इंजिन नेमके तिथेच दगा देत असे. नांगर कायम सोडायच्या तयारीत ठेवणे, हा त्यावरचा एकमेव खात्रीचा उपाय आम्ही पाळत होतो आणि अजूनही पाळतो.

वहीत आम्ही सुरू केल्यापासून किती वेळाने इंजिन थांबले, तेव्हा इंजिनाचे मिनिटाला फेरे किती होते, टाकीत डिझेल किती होते, लाटा कशा होत्या, तापमान किती होते, धूर कोणत्या रंगाचा होता आणि पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला, एवढ्या गोष्टी लिहू लागलो. थोड्याच सफरींत चित्र उभे राहिले. नांगरावर, तटस्थ गिअरमध्ये इंजिन तासन्‌तास चाले. भार पडून फेरे अडीच हजारांच्या आसपास गेले की साधारण अर्ध्या तासाने आवाज वरखाली होऊ लागे, दोन-तीन मिनिटे तसाच हेलकावे खाई आणि मग इंजिन बंद पडे. टाकी अर्ध्याहून रिकामी आणि समुद्र खवळलेला असला तर हे लवकर होई. सगळ्यांत विचित्र नोंद शेवटच्या रकान्यात होती: दहा-पंधरा मिनिटांनी, कोणी कशालाही हात लावला नसताना, इंजिन पुन्हा सुरू होई आणि काही झालेच नाही अशा थाटात चाले.

एवढ्या नोंदींवरूनच बरेच संशयित बाद झाले. जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरज राहत नाही. ठिणगी नसते, सिलिंडरमधली हवा वीस पटींहून अधिक दाबली गेल्यामुळे इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. आमचे इंजिन बंद करण्याची सोयही तारेने ओढायच्या मुठीची आहे, विजेवर चालणाऱ्या झडपेची, म्हणजे सोलेनॉइडची नाही. त्यामुळे बॅटरी, वायर, पॅनेल हे सारे इंजिन सुरू होण्यापुरते महत्त्वाचे. चालते इंजिन थांबायला ते जबाबदार असू शकत नव्हते. तापमानाचा काटा जागचा हलत नसे, म्हणजे थंड करणाऱ्या पाण्याचा प्रश्न नव्हता. हवा कमी पडली असती किंवा भार फार झाला असता तर काळा धूर आला असता, तेल जळत असते तर निळसर आला असता. आमच्याकडे थांबताना धूर उलट कमीच होई. आणि कॉम्प्रेशन गेलेले इंजिन पंधरा मिनिटांच्या विश्रांतीने बरे होत नाही. उरले डिझेल: ते पुरेसे येत नव्हते, किंवा त्याच्याबरोबर हवा येत होती.

इथे बहुतेकांचा हात पंपाकडे आणि नोझलकडे जातो. माझे मत असे आहे, आणि ते या प्रकरणानंतर पक्के झाले आहे, की डिझेल मोठ्या दाबाने नोझलकडे पाठवणाऱ्या इंजेक्शन पंपाला सगळ्यांत शेवटी हात लावावा. त्याच्या आतला दट्ट्या (प्लंजर) आणि तो ज्यात सरकतो ते नळकांडे (बॅरल) यांमधली फट काही मायक्रॉनची असते, तो स्वच्छ खोलीत आणि योग्य उपकरणांवरच उघडायचा असतो, आणि डिझेल स्वच्छ मिळाले तर तो वर्षानुवर्षे बिनबोभाट चालतो. टाकीपासून पंपापर्यंतचा मार्ग मात्र स्वस्त वस्तूंनी बनलेला असतो: रबरी नळी, क्लिपा, फिल्टर, तांब्याचे वॉशर, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा पडदा. यांतली प्रत्येक वस्तू समुद्राच्या हवेत झिजते आणि कोणतीही एक इंजिन बंद पाडायला पुरते.

म्हणून मार्गाचे दोन तुकडे करायचे ठरले. एक स्वच्छ कॅन, त्यात पेट्रोल पंपावरून आणून घरी गाळलेले डिझेल, आणि पारदर्शक नळीचा तुकडा एवढेच साहित्य. टाकीकडून येणारी नळी पहिल्या फिल्टरच्या आधी सोडायची आणि तिथे कॅनची नळी जोडायची. नोझलकडून उरलेले डिझेल परत नेणारी नळीही टाकीवरून काढून कॅनमध्येच सोडायची, नाहीतर कॅन नकळत टाकीत रिकामा होत राहतो. या चाचणीत एक बारकावा आहे. कॅन उंचावर ठेवला तर डिझेल गुरुत्वाकर्षणाने खाली येते, नळीत दाब राहतो आणि जोडांतून हवा आत शिरतच नाही. मग इंजिन सुरळीत चालते आणि ‘टाकीच खराब’ असा निष्कर्ष निघतो, जो खोटा असू शकतो. म्हणून कॅन आधी टाकीच्याच पातळीला, तळाशी ठेवायचा, म्हणजे फीड पंपाला नेहमीइतकेच ओढावे लागते. तिथेही इंजिन थांबले तरच तो वर न्यायचा. खाली थांबते आणि वर चालते असे झाले तर दोष फिल्टरच्या जोडांत किंवा फीड पंपात आहे. खालीच सुरळीत चालले तर दोष मागे, टाकीच्या बाजूला.

दुसरी अट भाराची. तटस्थ गिअरमध्ये एवढे लहान इंजिन तासाला लिटरभरही डिझेल पीत नाही, त्यामुळे अर्धवट तुंबलेली नळीही त्याला पुरते. भरतीच्या वेळी आम्ही नौका धक्क्याला आणली, पुढून-मागून जाड दोर बांधले, फेंडर लावले आणि गिअर पुढे टाकून फेरे अडीच हजारांवर नेले. धक्क्यावर मासे उतरवणाऱ्या तांडेलाने हा प्रकार थोडा वेळ पाहिला आणि म्हणाला, “ताई, होडी बांधून पळवताय होय?” त्याच्या मचव्याचे इंजिन आमच्यापेक्षा कितीतरी मोठे, पण आम्ही काय शोधतो आहोत हे त्याला दोन वाक्यांत कळले आणि त्याने लगेच विचारले, की टाकीत जाळी आहे का. आम्हाला माहीत नव्हते. नौकेच्या कागदपत्रांत टाकीचा आराखडाच नाही.

कॅन खाली ठेवून इंजिन पूर्ण भारावर तासाहून अधिक चालले. थांबले नाही, आवाजही हलला नाही. टाकीची नळी पुन्हा जोडल्यावर नेहमीप्रमाणे अर्ध्या तासात हेलकावे सुरू झाले. मग थांबलेल्या अवस्थेत टाकीकडची नळी सोडून तिच्यात पायाने चालवायच्या पंपाने हळूच हवा भरली, तेव्हा आधी अडथळा जाणवला, मग एकदम काहीतरी सुटल्यासारखे झाले आणि टाकीतून बुडबुड्यांचा आवाज आला.

पावसाळ्यासाठी नौका वर चढवल्यावर टाकीचे झाकण उघडले. ओढणारी नळी वरून खाली जात होती आणि तिच्या टोकाला पितळेच्या बारीक जाळीचे टोपण होते. बाहेर काढली तेव्हा जाळी स्वच्छच दिसत होती. टाकीच्या तळाशी मात्र काळ्या, बुळबुळीत पापुद्र्यांचा थर होता. काही पापुद्रे नखाएवढे, काही बोटभर. इंजिन ओढू लागले की हे पापुद्रे तरंगत येऊन एकेक करून जाळीला चिकटत, ओढ वाढली की आणखी घट्ट बसत, आणि शेवटी वाट बंद होई. इंजिन थांबले की ओढ नाहीशी होई, पापुद्रे सुटून तळाला बसत आणि वाट पुन्हा मोकळी. शहाळ्याच्या नळीत मलई अडकते आणि ओढणे थांबवले की आपोआप खाली पडते, तसा हा प्रकार. लाटांनी तळ ढवळला की तो लवकर होई, टाकी भरलेली असली की उशिरा, आणि कमी फेऱ्यांवर ओढच इतकी कमी की कधीच नाही. वहीतल्या सगळ्या रकान्यांचा हिशेब लागला.

ही जाळी फिल्टरच्या आधी, टाकीच्या आत आणि झाकण उघडल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी असते, हेच तिचे वैगुण्य. फिल्टर आम्ही वेळच्या वेळी बदलत होतो आणि ते काढताना फारसे घाणही नसत. ते पाहून डिझेल स्वच्छ आहे असेच कोणालाही वाटले असते, कारण घाण त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. बाहेर पाणी वेगळे करणारा चांगला फिल्टर असेल तर टाकीतल्या जाळीची गरज नाही, असे मी ठामपणे म्हणेन. आम्ही ती कापून टाकली, नळीचे टोक तिरके कापले आणि ते तळापासून इंचभर वर राहील असे बसवले. शिवाय फिल्टर आणि फीड पंप यांच्या मधल्या नळीवर एक लहान निर्वात-मापक लावला. फिल्टर तुंबू लागला की ओढ वाढते आणि काटा सरकतो. म्हणजे पुढची तक्रार इंजिनाने करण्याआधी काटा करील.

त्या काळ्या थराबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण कोकणातल्या हवेत तो कोणत्याही टाकीत होऊ शकतो. मूळ पाण्यात आहे. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री निवते, टाकीत हवा खेळती ठेवणाऱ्या नळीतून दमट हवा आत येते आणि वरच्या पत्र्यावर तिचे पाणी होते. आमच्याकडे याखेरीज डेकवरच्या भरण्याच्या झाकणाचे रबरी कडे कडक होऊन चिरले होते, त्यामुळे पावसाचे थेंबही जात असणार. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसते, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात त्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात; डिझेल त्यांचे अन्न, पाणी त्यांचे घर. त्यांचे जिवंत आणि मेलेले अवशेष मिळून तो बुळबुळीत थर तयार होतो. बाजारात ही वाढ मारणारी रसायने मिळतात, परंतु घाण काढल्याशिवाय ती टाकली तर मेलेला थर सुटा होऊन एकदम फिल्टरमध्ये येतो आणि परिस्थिती आणखी बिघडते. आधी टाकी उपसायची, पुसायची, नव्या डिझेलने धुवायची, मग रसायन. झाकणाचे कडे बदलले आणि नौका वर चढवताना टाकी काठोकाठ भरून ठेवायची पद्धत सुरू केली, म्हणजे दमट हवेला जागाच उरत नाही.

दादाचे समाधान एवढ्याने झाले नाही. नौका वर आहेच तर नोझल तपासूनच घेऊ, असा त्याचा आग्रह होता. इंजिन थांबण्याशी त्यांचा संबंध नाही, हे मी त्याला कॅनच्या चाचणीवरून दाखवले होते. पण सकाळी सुरू करताना थोडा पांढरा धूर येई आणि पहिले मिनिटभर इंजिन थरथरे, हेही खरे होते. म्हणून दोन्ही नोझल उतरवून, तोंडे टोपणांनी बंद करून आम्ही ते पुण्याला आणले.

आणि इथे पुण्यात राहण्याचा फायदा कळतो. डिझेल इंजिन या शहराच्या ओळखीचे आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये खडकीला सुरू झाली, किर्लोस्कर कमिन्सचा कोथरूडचा कारखाना १९६२ चा, आणि या मोठ्या कारखान्यांच्या आधाराने भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक वसाहतींत सुटे भाग बनवणारे, दुरुस्त करणारे, घासणारे, जोडणारे असंख्य लहान उद्योग उभे राहिले. नौकेच्या इंजिनासाठी खास ‘मरीन’ कारागीर शोधायला लोक मुंबईला धावतात आणि तिथे त्या एका शब्दाचे वेगळे पैसे देतात. पाण्याने थंड होणारा एक्झॉस्ट म्हणजे धुराचा मार्ग, खाऱ्या पाण्याचा पंप आणि उलटा गिअर एवढे सोडले तर जिन्याखालचे आमचे इंजिन ट्रॅक्टरच्या, जनरेटरच्या, शेतातल्या पंपाच्या इंजिनापेक्षा वेगळे नाही. फिल्टर, क्लिपा, वॉशर, डिझेलची नळी यांसाठी पुण्यातली सुट्या भागांची नाना पेठ पुरते. जुना भाग घेऊन गेले की दुकानदार खोबणी आणि आटे मोजून त्याच मापाचा काढून देतो.

भोसरीतल्या ज्या कार्यशाळेत आम्ही गेलो तिथले काका ट्रकचे पंप आणि नोझल करतात. हाताने दाबायच्या टेस्टरवर त्यांनी पहिला नोझल लावला, लिव्हर हळूहळू खाली आणली. काटा चढत गेला आणि ठरावीक दाबाला करकर आवाज करत नोझलमधून धुक्यासारखा बारीक, सारखा फवारा निघाला. तो थांबल्यावर टोक कोरडे. दुसऱ्याचा फवारा एका बाजूला झुकलेला होता आणि दाब सुटण्याआधीच टोकाशी थेंब जमू लागला. जवळून पाहावे म्हणून दादा पुढे वाकला, तसे काकांनी त्याला मनगट धरून मागे सारले. “हात घालू नका फवाऱ्यात. कातडीतून आत जातं डिझेल, वरून साधा ठिपका दिसतो आणि आत हात सडतो.” ही अतिशयोक्ती नाही. एवढ्या दाबाचे डिझेल त्वचेखाली शिरणे ही तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ असते, मग जखम कितीही लहान दिसो. थेंब गाळणाऱ्या नोझलचे टोक बदलले, दाब दोन्हींचा सारखा केला, आणि सकाळचा पांढरा धूर तेवढ्याने गेला. तपासणी अनावश्यक होती असे आता मी म्हणत नाही. तिचे उत्तर वेगळ्या प्रश्नाचे होते, एवढेच.

पंपाबद्दलही मी काकांना विचारले. ते म्हणाले, “ताई, चालतंय ना? मग सील तोडू नका.” ज्याला ते काम करून पैसे मिळाले असते त्या माणसाचा हा सल्ला आहे, म्हणून मी तो अधिक महत्त्वाचा मानते.

पावसाळा संपल्यावर नौका पाण्यात उतरली आणि इंजिन सुरळीत चालू लागले. पण पूर्ण नाही. लांबच्या पल्ल्यात फेरे क्वचित किंचित दबत आणि सावरत. बंद पडत नसे, परंतु ज्याने ते आवाज कान देऊन ऐकले आहेत त्याच्या लक्षात यावे असा तो फरक होता. निर्वात-मापकाचा काटा जागेवर होता, म्हणजे मार्ग तुंबलेला नव्हता. राहिली हवा.

ओढीच्या बाजूच्या गळतीची गंमत अशी की ती गळत नाही. नळीत दाब कमी असल्यामुळे डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जोड कोरडा ठणठणीत, खाली थेंब नाही, वास नाही. फडके फिरवून काही सापडत नाही. पारदर्शक नळी इथे पुन्हा कामाला आली. ती एकेका जोडाच्या पुढे तात्पुरती लावून पाहिली: पहिल्या फिल्टरच्या आधी डिझेल स्वच्छ, अखंड, फिल्टरच्या नंतर दर काही सेकंदांनी दोन-दोन मिलिमीटरचे बुडबुडे रांगेत जाताना दिसू लागले. फिल्टरच्या डोक्यावर नळी जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टखाली तांब्याचे वॉशर होते आणि ते पूर्वी कोणीतरी पुन्हापुन्हा आवळून वापरलेले होते. तांबे दाबले गेले की कडक होते आणि मग धातूच्या खाचाखोचांत बसत नाही. नवे वॉशर उत्तम. नसतील तर जुने गॅसच्या ज्योतीवर लालबुंद तापवून पाण्यात टाकायचे, म्हणजे ते पुन्हा मऊ होतात. पोलादाला असे केले तर ते कडक होते, तांब्याला उलट. आम्ही नवे लावले आणि चार जुने मऊ करून डबीत ठेवले. पारदर्शक नळी मात्र लगेच काढून टाकली, कारण साधी प्लास्टिकची नळी डिझेलने कडक होते आणि आगीत टिकत नाही, ती तपासणीपुरतीच.

वॉशर बदलल्यावर हवा काढावी लागते. आमच्या इंजिनावर फीड पंपाला हाताने हलवायची लहान कळ आहे. दुसऱ्या फिल्टरवरचा स्क्रू दीड फेरा सैल करायचा, कळ हलवत राहायची, आधी फेस येतो, मग बुडबुड्यांसह डिझेल आणि मग अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. तेच पंपावरच्या स्क्रूला. तरीही सुरू झाले नाही तर नोझलकडे जाणाऱ्या जाड नळ्यांचे नट थोडे सैल करून स्टार्टरने फिरवायचे, तिथे डिझेल ठिबकू लागले की आवळायचे. कळ हलेनाशी किंवा अगदीच पोकळ वाटली तर इंजिन थोडे फिरवून पुन्हा पाहायचे. फीड पंप चालवणारा कॅम वर आलेला असला की कळीला जागाच मिळत नाही.

याच टप्प्यावर एक गोष्ट अशी आहे जी ट्रॅक्टरवाला सांगू शकणार नाही, कारण त्याला तिचा प्रश्नच येत नाही. नौकेच्या इंजिनात समुद्राचे पाणी एक्झॉस्टमध्ये सोडलेले असते आणि चालत्या इंजिनाचा धूर ते बाहेर फेकतो. स्टार्टर खूप वेळ फिरवला आणि इंजिन सुरूच झाले नाही, तर पंप पाणी ओढतच राहतो, ते बाहेर फेकायला धूर नसतो, सायलेन्सर भरतो आणि पाणी मागे येऊन एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरते. पाणी दाबले जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड. म्हणून लांबलेल्या प्रयत्नांत समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करायचा, इंजिन पकडले की तत्काळ उघडायचा, कारण कोरड्या पंपाचा रबरी इंपेलरही फार वेळ तग धरत नाही. आम्ही कॉक बंद केला की इंजिनाची किल्ली त्या कॉकच्या दांड्याला अडकवतो आणि सुरू करणाऱ्याने ती तिथूनच घ्यायची असते, म्हणजे कॉकचा विसर पडत नाही.

वॉशर बदलल्यानंतर फेरे दबणे थांबले. आता शिल्लक आहे ती एक्झॉस्टची बाजू. पूर्ण वेगाला इंजिन पूर्वीइतके फेरे घेत नाही आणि तेव्हा थोडा काळा धूर दिसतो. पंख्यावर शिंपल्यांचा थर नाही, हे बुडी मारून पाहिले आहे. पाणी आणि धूर जिथे एकत्र होतात तो एल्बो उतरवला तेव्हा आत काजळी आणि मीठ मिळून दगडासारखा लेप बसलेला होता, आणि मूळ वाटेतून अंगठा जाईल एवढीच जागा उरली होती. धूर अडला की सिलिंडर नीट रिकामा होत नाही, नवी हवा कमी येते आणि डिझेल अर्धवट जळते. काळ्या धुराचे कारण ते. खरवडून तात्पुरता बसवला होता, पण बाहेरून टोचा मारल्यावर एका जागी ओतीव लोखंड भुसभुशीत लागले, त्यामुळे पुढच्या पावसाळ्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

तयार एल्बोची किंमत ऐकून भोसरीलाच ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचा करून घ्यायचे ठरवले आहे. वेल्डरने पाण्याची नळी कोणत्या कोनात जोडायची ते विचारले. ती उताराच्या बाजूला, इंजिनापासून दूर आणि तोंड खाली करून बसली पाहिजे, नाहीतर नौका डोलल्यावर पाणी मागे व्हॉल्व्हकडे येईल. फ्लँजच्या भोकांचे माप त्याने कागदावर उतरवून घेतले असले तरी जुना एल्बो मी त्याच्याकडेच ठेवून आले आहे.